सातव्या वर्षापासून

लेक जाड गादीच्या मधोमध धपकन बसली आणि वडिलांना म्हणाली, "आता कडेला बघा, बाबा."

कड जराशी फुगून वर आली होती. ती उठली तसा मधला खळगा हळूहळू भरत गेला आणि कड खाली बसली.

"हिमयुगात लांब तिकडे असाच बर्फ बसला होता. तो वितळला, तिकडची जमीन अजून वर येतेय. आपण पडलो कडेवर, म्हणून आपण खचतोय."

"बर्फ जाऊन किती वर्षं झाली?"

"दहा हजार तरी."

"आणि गादी अजून जागेवर येतेय? म्हणजे आमच्या ऑफिसच्याही वरताण झालं."

ती खळखळून हसली. वडिलांनी बंदराच्या धक्क्यावर एकतीस वर्षं पाण्याची पातळी मोजली होती. सगळं बंदर त्यांना काटेकोरकाका म्हणायचं. लेक इंजिनिअर झाली आणि समुद्र थोपवणारी भिंत तिच्याच देखरेखीखाली बांधून झाली. उद्या भिंतीचं उद्घाटन वडिलांच्या हस्ते होतं, म्हणून ती त्यांच्या कोटाला इस्त्री करायला आली होती.

"पहिली सहा वर्षं तुमच्या वह्यांत पाणी चढतच जातं," कोट टेबलावर पसरत ती म्हणाली. "आकडे चुकतात म्हणून साहेबांनी तुम्हाला मेमो दिला होता ना? तुम्ही बरोबर होतात. जमीन खाली जात होती."

वडील गादीपाशी गेले.

"सातव्या वर्षापासून पाणी स्थिर. तज्ज्ञ म्हणत होते, जमीन अशी मध्येच थांबत नाही, भिंत हातभर उंच घ्या. मी चांगली भांडले. म्हटलं, माझ्या बाबांची वही आहे."

वडिलांनी गादीवरची चादर सारखी केली. ती सारखीच होती.

"सातव्या वर्षी दुसरा मेमो आला. नोकरी जाईल म्हणाले. तू दोन महिन्यांची होतीस," ते म्हणाले. "मग मी दर वर्षी थोडं थोडं कमी लिहीत गेलो. साहेबांना सपाट हवं होतं."

तिने इस्त्री उभी केली आणि प्लग काढला. तिला धड रडू येईना, धड राग येईना.

"खरे आकडे कुठे आहेत?"

"कुठेच नाहीत."

"एवढ्या वर्षांत एकदा तरी बोलायचंत, बाबा."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू कधी शंकाच घेतली नाहीस."

खिडकीतून भिंत दिसत होती, ताज्या रंगाची. तिच्या अलीकडे दीडशे घरं, दोऱ्यांवरची धुणी, दाराशी टेकवलेल्या सायकली. वडील तिकडे बघायचं टाळत होते. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"वाढवता नाही येणार?"

"पाया तेवढ्यापुरताच आहे. वर चढवली तर कलंडेल."

वडिलांनी टेबलावरच्या कोटाकडे पाहिलं.

"मग उद्या मी येऊ की नको?" त्यांनी विचारलं.

तिने प्लग पुन्हा लावला. कोटाची बाही ओढून सपाट केली आणि तिच्यावरून इस्त्री फिरवली.

"दहाला गाडी येईल," मान वर न करता ती म्हणाली. "तयार राहा."