त्रेचाळीस गुण

मॅडमनी बदली खेळाडू पुढे केली आणि मैदानातल्या सगळ्यात उंच मुलीकडे बोट दाखवलं. तिला सगळ्या शिडीच म्हणत. शिडी जागची हलली नाही. कमरेवर हात ठेवून तिने आधी गुणफलक पाहिला, मग मॅडमना.

"मी?"

"तूच. ये."

बास्केटबॉलच्या उपांत्य सामन्याची सहा मिनिटं उरली होती आणि संघ एकतीस गुणांनी पुढे होता. पंचवीसची आघाडी झाली की पहिल्या पाचजणी बाकावर, हा मॅडमचा अठरा वर्षांचा नियम. चौघी आधीच बसल्या होत्या. शिडीचे एकटीचे एक्केचाळीस गुण झाले होते.

हॉलच्या दारासमोरच्या भिंतीवर लाकडी फळी होती. तिच्यावर मॅडमचं नाव आणि खाली, 'एका सामन्यात त्रेचाळीस गुण'. सव्वीस वर्षांत फळी तीनदा रंगवली गेली. आकडा तोच राहिला.

"दोन बास्केटचा तर प्रश्न होता!" गॅलरीतून कोणीतरी ओरडलं.

"स्वतःची फळी कोण पुसू देतं?" दुसऱ्याने सूर लावला. हशा पिकला.

शिडी धपकन बसली. टॉवेल डोक्यावर ओढून घेतला.

"गुडघा बघू."

"काही झालेलं नाही गुडघ्याला. काढायचंच होतं तर माझे तीस झाले तेव्हाच काढायचं होतं. चौघींबरोबर मला का नाही बोलावलंत?"

मॅडमनी बर्फाची पिशवी तिच्या गुडघ्यावर ठेवली. चौघींना बाहेर बोलावताना त्यांचा हात शिडीपाशीच अडखळला होता, हे खरं होतं.

"माझे चौतीसच होते," त्या म्हणाल्या.

शिडीने टॉवेल बाजूला केला.

"मध्यंतरानंतर कोपर लागून माझं नाक फुटलं. मी आत आडवी होते. माझ्या जागी जी उतरली ती स्वतःची जर्सी घरीच विसरून आली होती. तिने माझी घातली. सात नंबर. पंचांनी काणाडोळा केला. तिचे नऊ गुण सातच्या नावावर लागले."

"आणि तुम्ही काही बोललाच नाहीत?"

"दुसऱ्या दिवशी सांगणार होते. तोवर फळी रंगवून झाली होती." मॅडमनी पिशवीतला बर्फ बोटांनी सारखा केला. "पुढे ही नोकरीही त्या फळीमुळेच मिळाली."

"आणि ती?"

"ती हसली. म्हणाली, राहू दे गं, मी काय फळी घेऊन नांदायला जाणार आहे?"

शिडी हसली नाही.

दर वर्षी प्राचार्य नव्या मुलींना त्या भिंतीपुढे उभं करत. मॅडम शेजारी उभ्या राहत आणि फळीचे खिळे बघत. खिळे सहा होते. त्यांतला एक वाकडा.

"म्हणजे तू केव्हाच मोडलायस माझा विक्रम," मॅडम म्हणाल्या. "सामना संपला की प्राचार्यांना सांगते. लेखी देते." आवाज त्यांना स्वतःलाच हलका वाटला. समोर पहिल्या रांगेत प्राचार्य बसले होते. सामना संपायचीही वाट कशाला बघायची, असं वाटून त्या उठल्या.

शिडीने त्यांचं मनगट धरलं.

"नको."

"अगं, पण..."

"चौतीसचा विक्रम मोडून मला कोण विचारणार, मॅडम? निवड समितीचे लोक उद्या फायनलला येताहेत ते त्रेचाळीसवाल्या मॅडमच्या हाताखालची मुलगी बघायला. आता तुम्ही असं सांगितलंत, तर मी कोणाच्या हाताखालची?"

मॅडमची नजर फळीकडे गेली.

"उद्या मला बाहेर काढू नका. मी त्रेचाळीस मोडते. तोवर गप्प बसा." शिडीने आवाज आणखी खाली आणला. "मोडल्यावरही."

मॅडम खाली बसल्या.

सामना संपल्याचा हॉर्न वाजला. सगळ्या मुली आरडाओरडा करत मैदानात धावल्या. प्राचार्य उठून टाळ्या वाजवू लागले आणि बाकाकडे बघून त्यांनी हात हलवला. मॅडमनी डावा हात वर केला. उजवा शिडीने अजून सोडला नव्हता.