फसफसणारं अंगण

साहेब, त्या दिवशी दारव्ह्याजवळच्या तांड्यावर तुम्ही पहिल्या रांगेत गादीवर बसला होता. मातीचं शिक्षण घेतलेले, शेतीखात्यात मातीच्याच नावानं पगार उचलणारे तुम्ही, मातीबाबा म्हणवणाऱ्या बुवासमोर हात जोडून!

फुलसिंगच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबानं कमंडलूतलं तीर्थ जमिनीवर शिंपडलं. माती फसफसली, पांढरा फेस आला. बाया किंचाळल्या, माणसांनी लोटांगणं घातली.

"देखो! भूमाता खदखदते!" बाबा घुमला. "नवा पाय पडला इथं, उलटा पाय! लिंबू पिवळं, मोगरा पिवळा, उद्या वंश पिवळा!"

नवा पाय म्हणजे रंजिता, फुलसिंगची नवी सून. ती आल्यापासून अंगणातली झाडं पिवळी पडत गेली, एवढाच तिचा गुन्हा. सासूनं, धुरपताबाईनं, तिची पिशवी भरून दारात ठेवली होती. बाबाचा शब्द निघाला की माहेरी, कायमची.

"ही यायच्या आंधी कसं हिरवंगार होतं माहं लिंबू!" धुरपताबाई फणकारली. "उचल पिशवी!"

रंजिता रडली नाही. तिच्या नाकाला आंबट वास आला होता. तीर्थाला असा वास? तिनं पूजेच्या ताटातलं लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि मातीवर पिळलं.

फस्स!

"मंग मलेबी मांडा बाबासारका पाट," ती म्हणाली. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

"शक्ती चोरली! चुडैल!" बाबा ओरडला.

"थांबा ना, महाराज." तिनं बाबाच्या पाटाभोवतीच्या रांगोळीवर उरलेलं लिंबू पिळलं. तीही फसफसली. "तुमच्या रांगोळीलेबी माहा पाय लागला का?"

मग दुसरं लिंबू घेऊन ती घरामागच्या काळ्या मातीत गेली. पिळलं. काहीच नाही. मागोमाग आलेल्या सासूला ती म्हणाली, "याडी, मी इथंबी याच पायानं फिरतो. तुमची मेथी हिरवी काहून?"

सासू वाकून मेथीची पानं बघू लागली. फुलसिंगनं मात्र कपाळावर हात मारला. "अबे, अंगणातली पांढरी माती तं आपल्या विहिरीतून निघालेली! मांडवात चिखल नको म्हून म्याच टाकली लग्नात!"

बघा, सून आणि चुनखडी या घरात एकदमच आल्या. बोल मात्र सुनेलाच लागला.

चुनखडीवर आंबट पडलं की वायू सुटतो, फेस येतो; रांगोळीचा दगडही त्यातलाच. बाबाच्या कमंडलूत लिंबाचा रस होता, देव नव्हता. अशा मातीत मुळांना लोह मिळत नाही. पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. लिंबू-मोगऱ्याला ती सोसत नाही. सीताफळ, बोर, शेवगा तिथंही तग धरतात. झाड लावण्याआधी माती बघा रे, सुनेचे पाय कायले बघता?

बाबा जीपकडे पळाला, कमंडलू इथंच सोडून. फुलसिंगनं पिशवी उचलून घरात नेली. धुरपताबाईनं माफी मागितली नाही, जरा वेळानं सुनेकडे न बघताच विचारलं, "सीताफळाचं रोप कुठी भेटते वं?"

आणि साहेब, तुम्ही. फेस आला तेव्हा चुनखडी ओळखली नाही? मग पगार कशाचा घेता? ओळखली होती? मग एका पोरीचं घर मोडत असताना तुमची जीभ कुठं होती? त्याच अंगणात या, रंजितासमोर उभे राहा आणि उत्तर द्या.