फेझंटचे डावे पाय

"अगं, ती पिशवी माझी आहे," प्रकाश म्हणाला, पण तोवर मी ती उघडली होती. मला हवा होता खोवलेला नारळ. हातात आली तपकिरी पाकिटं, आणि त्यांत फेझंटचे गोठलेले डावे पाय.

आमच्या घरात अंडंसुद्धा फक्त केकमधून येतं. तरी गेली अकरा वर्षं नोव्हेंबर लागला की फ्रीझरचा खालचा कप्पा या पायांना जातो. फेझंट म्हणजे कोंबड्याएवढा रानपक्षी, नराची शेपूट हातभर. इथे आयर्लंडमध्ये नोव्हेंबर ते जानेवारी त्याच्या नरांची शिकार करतात. माझा नवरा प्रकाश कॉर्क शहरातल्या एका औषध कंपनीच्या गोदामात माल मोजतो. घरात झुरळ दिसलं तर मला हाक मारतो. आणि हा माणूस शिकारीच्या दिवसांत दर शनिवारी तीन तास गाडी चालवत ॲथलोनपलीकडच्या रानात जातो. मोजायला.

हे वेड लावलं शेजारच्या डेनिसने. तो मूळचा तिकडचा. लग्न करून कॉर्कला आला, पण शिकार मात्र वडिलांच्याच रानात करणार. प्रकाश पहिल्यांदा नुसता सोबत म्हणून गेला आणि तिथल्या क्लबची वही बघून अस्वस्थ होऊन परतला. एकाच पक्ष्यावर दोघांनी बार काढला, की दोघंही आपापल्या नावावर एकेक पक्षी लिहून मोकळे. खोटं कुणीच बोलत नव्हतं. तो आपणच पाडला असं प्रत्येकाला मनापासून वाटायचं. प्रकाशने सुचवलं, वहीत काय हवं ते लिहा, पण पक्ष्याचा डावा पाय पाकिटात घालून मला द्या. डावा पाय एका पक्ष्याला एकच असतो. लोक आधी खूप हसले, मग पाय द्यायला लागले, आणि प्रकाश जोशीचा 'पी.जे.' झाला. या देशात प्रत्येक गावात पी.जे. नावाची चार तरी माणसं सापडतात. त्यात हा पुण्याचा.

क्लबचा एक जुना नियम आहे. नाताळपर्यंत एकशे साठ पक्षी मिळाले नाहीत, तर रानात पक्षी कमी आहेत असं धरायचं आणि जानेवारीत बंदूक काढायची नाही. या खेपेला नाताळपर्यंत वही सांगत होती दोनशे चौदा. पाकिटांत पाय निघाले एकशे सदतीस.

नाताळनंतरच्या शुक्रवारी दुपारभर प्रकाश पाय द्यायला विसरणाऱ्यांना फोन करत बसला. त्याची एक रीत आहे. किती मारले, हे तो कधीच विचारत नाही. आकडा विचारला की माणूस फुगवून सांगतो. पक्षी कुणाच्या घरी शिजला, हे विचारलं की नीट आठवून सांगतो. असे सोळा निघाले.

"एकशे त्रेपन्न," तो म्हणाला आणि समोरचा चहा निवू दिला.

"म्हणजे जानेवारी बंद?"

"बंद. आणि डेनिसचा हा शेवटचा सीझन आहे."

डेनिस शहात्तरचा. फेब्रुवारीत त्याच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि त्यानंतर बंदूक घेऊन चर ओलांडत हिंडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. जानेवारीचे चार शनिवार तो एखाद्या मुलासारखा मोजत होता.

मी सरळ म्हटलं, "सातच तर कमी आहेत. सोळाच्या जागी तेवीस लिही. कोण बघायला जातंय?"

"मी बघतोय ना," प्रकाश म्हणाला. चिडला नाही. उठून भांडी घासायला लागला.

रात्री तो जेवला नाही, म्हणून शनिवारी अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्याच्याबरोबर गेले. पुढे ते दोघं, मागे मी आणि डेनिसची कुत्री. तीन तास हवापाण्याच्या गप्पा चालल्या. प्रकाशने आकडा सांगितला नाही आणि डेनिसनेही विचारला नाही.

गावच्या हॉलमध्ये क्लबच्या सभेला तीसेक माणसं होती. प्रकाश उभा राहिला आणि त्याने कागदावरचं वाचलं. वहीत किती, पाय किती, विसरलेले किती. एकशे त्रेपन्न म्हटल्यावर खुर्च्या करकरल्या.

क्लबचा अध्यक्ष नोएल भला माणूस. तो म्हणाला, "पी.जे., पाय विसरणारे असतातच की. थोडे धर ना जास्त."

"धरलेत. सोळा. कुणाच्या घरी शिजले तेही लिहिलंय."

"अजून सात नसतील कशावरून?"

"असते तर सगळ्यात जास्त आनंद मला झाला असता," प्रकाश म्हणाला. कागद त्याने खाली घेतला नाही.

मागच्या रांगेत डेनिस काठी टेकून उठला. "वहीत मी नऊ लिहिलेत. पाय दिलेत चार," तो म्हणाला. "बाकीचे पाच कुणी पाडले देव जाणे. पी.जे.चा आकडा बरोबर आहे." आणि कुणी मत मागायच्या आत त्याने जानेवारी बंद ठेवण्याच्या बाजूने हात वर केला. मग एकेक करत सगळ्यांचे हात वर गेले, शेवटी नोएलचा.

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली. नवऱ्याला बढती मिळाली, घर झालं, तेव्हा मला आनंद झाला होता. अभिमान म्हणतात तो मला त्या थंडगार हॉलमध्ये वाटला. थोडी लाजही वाटली, ती माझी मला.

गाडीपाशी डेनिसने विचारलं, "सात कमी पडले म्हणजे. नीट मोजलेस?"

"दोनदा."

"ग्रँड," डेनिस म्हणाला, म्हणजे इथल्या बोलीत 'ठीक आहे', आणि त्याने कुत्रीला आधी आत चढवलं.

मला वाटलं, संपलं आता यांचं शनिवारचं जाणं. पण जानेवारीच्या पहिल्याच शनिवारी डेनिस सकाळी सातला दारात हजर. उरलेले पक्षी कोण मोजणार, म्हणाला. चारही शनिवार ते गेले. शेवटच्या शनिवारी मीही गेले.

गवतावर दव गोठलेलं होतं. डेनिस काठी टेकत सावकाश चालत होता. अचानक कुत्री थबकली आणि चराच्या कडेने एक नर फडफडत उठला, तांबूस, लांब शेपटीचा. डेनिसची काठी गळून पडली. दोन्ही हात आपोआप खांद्याशी गेले, डावा पुढे, उजवा गालाजवळ, मध्ये काहीच नाही.

"एक," तो म्हणाला. "लिहून घे, पी.जे."

प्रकाशने लिहिलं. पक्षी पलीकडच्या झुडपांत उतरेपर्यंत डेनिसचे हात तसेच वर होते.