कर्ण्यावर न वाचलेल्या चिठ्ठ्या

आमच्या बुटांच्या कारखान्यात तीन हजार माणसं, आणि रोज सव्वाबाराला त्या सगळ्यांच्या कानात माझा आवाज. शिलाईच्या मशीनवरून उठायचं, जेवण बाजूला ठेवून कोपऱ्यातल्या खोलीत शिरायचं आणि लोकांनी पेटीत टाकलेल्या चिठ्ठ्या कर्ण्यावरून वाचायच्या. कोणाचा वाढदिवस, कोणाची चप्पल हरवली, चौथ्या लाइनमधल्या बाईला मुलगी झाली. मग सगळे मशीनखाली पुठ्ठे टाकून दुपारच्या डुलकीला आडवे व्हायचे. तेरा वर्षं केलं हे. अख्ख्या कारखान्याची मी न्यानताई.

नियम एकच, तोही मीच केलेला. वाचणारीने स्वतःसाठी आलेली चिठ्ठी वाचायची नाही. नाहीतर लोक म्हणतील, कर्णा हातात आहे म्हणून आपलंच कौतुक चाललंय. या नियमाचा मला भारी माज होता.

आणि दर शनिवारी एक चिठ्ठी नेमकी माझ्यासाठी असायची. ‘वाचणाऱ्या बाईंनी आधी दोन घास खाऊन घ्यावेत.’ कधी, ‘आवाज बसलाय, गरम पाणी प्यावं.’ खाली नाव नाही. नाव कशाला हवंय? कटिंग विभागातून येणाऱ्या कातड्याच्या गठ्ठ्यांवर तेच तिरकं अक्षर असायचं. खिएम. लांबच्या क्वांग न्गाई प्रांतातला, बायको जाऊन सात वर्षं झालेला, तोंडातून शब्द काढायला महिना लावणारा. जेवणाच्या रांगेत पुढे-मागे आलो तरी हा आपला आंबट सूपच्या वाटीत बघत राहायचा. मी मनात म्हणायची, अरे बाबा, तोंड दिलंय ना देवाने? विचार की. चार वर्षं चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या आणि शनिवारची वाट बघितली. आता लपवून काय करू, शुक्रवारपासूनच बघायची.

मग हेड ऑफिसकडून क्वेन मॅडम आल्या. पोरगी गोड, वय सव्वीस. कर्णा बंद, सगळं आता फोनवरच्या ॲपमध्ये, वाढदिवस आपोआप, आवडलं तर बदाम द्यायचा. “आता सगळे एकमेकांशी बोलतील, ताई,” म्हणाल्या. आतापर्यंत काय मुके होते? शेवटचं वाचन शनिवारी ठरलं.

त्या शनिवारी सकाळी कॅन्टीनमधल्या साउने मला बाजूला घेतलं. खिएम नोकरी सोडून गावी निघालाय, बाराच्या आत कागद जमा करून गेटसमोरून बारा पंचवीसची बस धरणार.

“चार वर्षं लिहिलं त्याने,” साउ म्हणाली. “तू वाचलंस तर होकार समजायचा, असं मनाशी धरून बसला होता. दर शनिवारी नकार ऐकून घरी गेला बिचारा.”

“नकार कसला? मी नियम पाळत होते.”

“तो नियम त्याला कुणी सांगितला होता, बये?”

त्याच क्षणी धावत जायला हवं होतं. पण सुपरवायझर लाइन सोडू देईना, आणि मलाही वाटलं, त्याला जसं ऐकायचं होतं तसंच ऐकू दे. सव्वाबाराला वाचू, गेटवरच्या कर्ण्यावरही ऐकू जातं, बस पंचवीसला. दहा मिनिटं हातात आहेत.

वाचलं. पहिली चिठ्ठी त्याचीच, माझं नाव घेऊन. मग म्हणाले, “खिएमदादा, सगळ्या मिळाल्या. एकटीने जेवायचा कंटाळा आलाय मला. जाऊ नका.” पलीकडच्या कॅन्टीनमध्ये तीन हजार माणसांनी ताटं वाजवली. मी माइक तसाच टाकून कारखान्याच्या पार दुसऱ्या टोकाच्या गेटकडे पळाले.

बस गेली होती. गेटवरचा खांब मोकळा, नुसत्या वायरी लोंबत होत्या. इथला कर्णा सकाळीच उतरवून नेला, पहारेकरी म्हणाला.

“खिएम?”

“होता की. अकराची बस सोडून दिली त्याने. शेवटचं वाचन ऐकून जातो म्हणाला. सव्वाबारा झाले, वीस झाले, सारखा खांबाकडे बघत होता. मला विचारलं, आज नाही का वाचत? मला तरी काय ठाऊक? म्हटलं, ते बंद झालं आता.”

मी पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसले. आत मशीन सुरू झाल्या, त्याने दोनदा सांगितलं. मला उठवेना. मला तो माणूस हवा होता हो, फार हवा होता, आणि हे त्याला सोडून सगळ्यांना कळलं होतं.