घरातलं सगळ्यात वाईट भांडं

आमच्या गावात कुणी नकार देत नाही. मिनेसोटात जन्माला आलेला माणूस नाही म्हणत नाही, तो म्हणतो, "वेगळंच आहे हं." मार्चमधल्या त्या शनिवारी शाळेच्या व्यायामशाळेत सकाळी नऊ ते दुपारी तीन मी हे वाक्य एवढ्या वेळा ऐकलं, की शेवटी मीच पातेल्यांकडे बघून म्हणाले, खरंच, वेगळीच आहेत हं.

पोस्टातून निवृत्त झाल्यावर मी एका कंपनीची जाड बुडाची पातेली विकायला घेतली. दुकान नाही, काही नाही. बायका जमवायच्या, त्यांच्यासमोर शिजवायचं, ऑर्डर लिहून घ्यायची. त्या दिवशी शाळेच्या मदतीसाठी जत्रा होती आणि मी एक टेबल घेतलं होतं. मुलांच्या गायनपथकाला राज्याच्या स्पर्धेला जायचं होतं, आणि बसचे पैसे नव्हते. पथकात माझी नात होती, तिचं नाव मारेन. ऑक्टोबरपासून ती माझ्याच स्वयंपाकघरात तिच्या एकटीच्या कडव्याची तयारी करत होती. पालकसभेत मला कुठून अवदसा आठवली देव जाणे, मी उभी राहून म्हणाले, "बस माझ्याकडे लागली. चाळीस पातेली विकते आणि माझा सगळा वाटा बसला देते."

विकलं गेलं एक. तेही शाळेच्या रखवालदाराने घेतलं, दया येऊन.

तीन वाजता पालकसंघाची अध्यक्ष कोरीन स्ट्रँड माझ्या टेबलापाशी आली. कोरीनच्या हाताची हॉटडिश, म्हणजे मांस नि बटाटे एकत्र भाजलेला आमचा रोजचाच पदार्थ, चर्चच्या प्रत्येक जेवणात सगळ्यात आधी संपते.

"एक गेलं ना, आर्लिस? अगदीच काही वाईट नाही," ती म्हणाली. "बस कंपनीला शुक्रवारपर्यंत सांगायचंय. नाहीतर मुलांना इथेच गाऊ दे. इथे काय कमी टाळ्या पडतात?"

"शुक्रवारला अजून सहा दिवस आहेत."

"हो गं, आहेत ना," असं म्हणून तिने माझा खांदा थोपटला. मला ते थोपटणं थपडेपेक्षा जास्त लागलं.

घरी आले, खोकी गाडीतच ठेवली आणि स्वयंपाकघरात बसून रडले. मारेनने पाहिलं. त्या दिवशी तिने गाण्याची वही उघडली नाही. माझ्या फुशारकीची शिक्षा या पोरीला का, असं वाटून मला माझाच भयंकर राग आला.

उरली होती ती सोडतीची पेटी. टेबलावर एक पेटी ठेवली होती. नाव लिहा, फोन लिहा, 'स्वयंपाकघरातली तुमची सगळ्यात मोठी अडचण कोणती' ते लिहा, आणि एक तवा जिंका. कंपनीची माणसं सांगतात, प्रत्येक चिठ्ठी म्हणजे सोनं. मी पेटी टेबलावर उलटी केली. पन्नासच्या वर चिठ्ठ्या, आणि जवळजवळ सगळ्या पोरांनी लिहिलेल्या! पेटीशेजारी मी चॉकलेटं ठेवली होती ना, दुसरं काय होणार?

"टाक त्या कचऱ्यात," मी म्हणाले.

पण मारेन वाचायला लागली होती. "आजी, हे ऐक. 'आमच्या झाकणाला मूठ नाही. आई मोजा घालून झाकण उचलते. मोजा बाबांचा आहे.'"

मला हसू फुटलं.

"'आई भात करपवते आणि म्हणते तो तसाच असतो.' आणि हे बघ, 'आमचं भांडं गळतं. खाली दुसरं भांडं ठेवतो. तेपण गळतं.'"

आम्ही दोघी पोट धरून हसलो. मग तिने एक चिठ्ठी वाचली आणि आवाज खाली आला. "'बाबा एकाच तव्यात सगळं करतात. तो चिकटतो. चांगलं मला वाढतात आणि काळं स्वतः खातात. टिल्डा ऑने.'"

टिल्डाचा बाप व्हर्जिल गावातली बर्फ उपसणारी गाडी चालवतो. सकाळी माझ्या टेबलापाशी तो बराच वेळ उभा होता. मी विचारलं, काही हवंय का, तर म्हणाला, "नको, आमच्याकडे सगळं आहे." एकतीस वर्षं मी पोस्टाच्या खिडकीत बसून या गावाची पत्रं हाताळली, आणि कुणाच्या घरात काय नाही ते मला ठाऊक नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची! मोठ्यांनी मूठ झाकली होती, पोरांनी ती उघडून माझ्या पेटीत टाकली होती.

मी फोन उचलला.

"व्हर्जिल, आर्लिस बोलतेय. तुझा तवा चिकटतो म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुझ्या लेकीने लेखी तक्रार केलीय."

"चिकटतो जरासा. चालतंय तसं."

"चालतंय काय? काळं खातोस रोज! गुरुवारी पाच वाजता शाळेच्या जेवणघरात ये, आणि तो तवा घेऊन ये. मी स्पर्धा ठेवलीय. गावातलं सगळ्यात वाईट भांडं कुणाचं." स्पर्धा मला त्याच क्षणी सुचली होती.

"मग मी जिंकणार," म्हणाला.

तीन दिवस फोन केले. "तुमच्या झाकणाला मूठ नाही म्हणे," असं म्हटलं की बायका आधी किंचाळायच्या, मग खो खो हसायच्या. सगळ्यांचंच पितळ उघडं पडलंय म्हटल्यावर लाज कुणाची राहते? फक्त एका चिठ्ठीला मी फोन केला नाही. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'आई हॉटडिश करत नाही. शेजारच्या गावातल्या दुकानातून आणते, आमच्या भांड्यात काढते आणि म्हणते मी केली. सोरेन स्ट्रँड.' ती मी शेगडीवर जाळली. तसा मोह फार झाला होता, खोटं कशाला सांगू?

गुरुवारी जेवणघराच्या लांब टेबलावर काळी, वाकडी, भोकं पडलेली भांडी ओळीने मांडली गेली. आपलंच कसं जास्त वाईट ते लोक एकमेकांना पटवत होते. मी माझ्या पातेल्यांत चार प्रकार शिजवले. पोरं आईबापांच्या बाह्या ओढून म्हणत होती, "बघ, चिकटलं नाही!" या वेळी 'वेगळंच आहे' कुणी म्हणालं नाही. लोक सरळ विचारत होते, "किती दिवसांत येईल?" मारेन ऑर्डरी लिहीत होती. व्हर्जिलचा तवा एकमताने पहिला आला.

सात वाजता मारेन माझ्या कानाशी आली. "आजी, जत्रेतलं धरून एकोणचाळीस झाली."

लोक कोट चढवायला लागले होते. तेवढ्यात कोरीन आली. हातात पातेलं, आरशासारखं लख्ख.

"अख्ख्या गावाला फोन केलास, मलाच नाही?" ती हळूच म्हणाली. "सोरेननेही चिठ्ठी टाकली होती. काय लिहिलं होतं त्याने?"

"अक्षर लागलं नाही गं."

"त्याचं अक्षर वर्गात सगळ्यात चांगलं आहे, आर्लिस."

मी पुसलेलीच पळी पुन्हा पुसायला लागले. कोरीनचे कान लाल झाले होते. शनिवारचं सगळं तेव्हा माझ्या मनातून गेलं, उरली ती फक्त ही भेदरलेली बाई. आणि मग तिने जे केलं ते आमच्या गावात कुणीच करत नाही. ती वळली आणि मोठ्याने म्हणाली, "हे माझं भांडं. नऊ वर्षांत एकदाही शेगडीवर चढलेलं नाही. ती हॉटडिश मी विकत आणते. मला करताच येत नाही. एक पातेलं माझ्या नावावर लिही, मारेन, आणि आर्लिस, मला शिकव."

जेवणघरात कुणी बुटाच्या नाड्या बघतंय, कुणी छत.

मग व्हर्जिल खाकरला. "कोरीन," तो म्हणाला, "शेजारच्या गावातल्या त्या दुकानासमोरचा बर्फही मीच काढतो, तुला तिथे बघतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"सगळ्या?"

"नऊ वर्षं," मागून कुणीतरी म्हणालं. "पण चव चांगली असते हं!"

आधी कोरीनच हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि मग सगळं जेवणघर हसलं. त्या गदारोळात मारेन बाकावर चढून ओरडली, "चाळीस! आजी, चाळीस!" पथकातली पोरं टेबलांवर पळ्या बडवायला लागली, आणि कोरीनने माझ्या गळ्यात हात टाकले. या वेळी मला काही लागलं नाही. मी सगळ्यांदेखत ढसाढसा रडले.

शुक्रवारी बस कंपनीचं ऑफिस आठला उघडतं. मी पावणेआठपासून दारात उभी होते.