ग्राहकमित्र सात

बाबांचं मत नाही अशी वस्तू जगात अजून निघायची होती. तीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झाले, मोबाइल हाती आला आणि चपलेच्या बंदापासून दारावरच्या बेलपर्यंत सगळ्यांचा त्यांनी इंटरनेटवर समाचार घेतला. टोपणनाव ‘स्पष्टवक्ता’. पाच तारे आजवर फक्त एका पान्याला मिळाले होते.

लेकीने आपल्याच कंपनीची इलेक्ट्रिक किटली घरी आणली आणि दोन महिन्यांत तिचं झाकण तुटलं.

"मी बदलून आणते," ती म्हणाली.

"वशिला नको. चारचौघांसारखी रीतसर तक्रार करणार मी."

लेक तक्रार विभागातच होती. पण उत्तरं नावाने नव्हे, आकड्याने जात आणि तिचा आकडा बाबांना ठाऊक नव्हता. ती ग्राहकमित्र सात. अकरा तयार वाक्यं ठरलेली, त्यांतलं एक निवडून पाठवायचं, पदरचा शब्द घालायचा नाही. अशी दिवसाला सव्वाशे उत्तरं. ‘स्पष्टवक्ता’ आणि ‘झाकण’ एवढं दिसताच ती गालातल्या गालात हसली आणि तिसरं वाक्य पाठवून पुढच्या तक्रारीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी एक तारा आला. ‘उत्तर देणाऱ्याने पत्र वाचलेलंच नाही. याला काम म्हणत नाहीत.’

तिचं हसू मावळलं. तिला नोकरीत कायम करायचं की नाही, ते तिच्या उत्तरांना मिळालेल्या ताऱ्यांच्या महिन्याच्या सरासरीवर ठरणार होतं, आणि तारे देणारे ग्राहक मोजकेच असत. चारच्या खाली गेली की घरी. आज महिनाअखेर, आणि बाबांच्या एका ताऱ्याने तिला तीन पूर्णांक नऊवर आणून ठेवलं होतं.

विभागप्रमुख मॅडमचा तिच्यावर जीव होता. त्या हळूच म्हणाल्या, "‘अपशब्द वापरले’ या चौकटीत खूण कर, मत उडेल. सगळे करतात."

खूण करण्यासाठी तिने तक्रार उघडली आणि पहिल्यांदाच सगळी वाचली. झाकण, स्प्रिंग, बिजागरीतला दोष, सगळं मुद्देसूद. शेवटी चार ओळी होत्या.

‘घरात मी आणि मुलगी, दोघंच. ती साडेसहाला दमून येते. आल्या आल्या चहा दिला तर दहा मिनिटं माझ्याशी बोलते. गॅसवर वेळ लागतो, तोवर ती फोन घेऊन खोलीत जाते. म्हणून झाकण लवकर हवं.’

तिने त्या चार ओळी पुन्हा वाचल्या. बाबांनी अपशब्द कुठेच वापरला नव्हता. इथे लागल्यापासून तिने कुणाचंच पत्र शेवटपर्यंत वाचलं नव्हतं, हेही खरंच होतं. तिने चौकट कोरी ठेवली. मॅडमनी कपाळाला हात लावला.

साडेसहाला बाबांनी पातेलं चढवलं. ती खोलीत गेली नाही, ओट्याशी उभी राहिली.

"बाबा, ग्राहकमित्र सात म्हणजे मी. तुमच्या एका ताऱ्याने माझी सरासरी चारच्या खाली गेली."

गाळणी धुणारा त्यांचा हात थांबला. "मग आता नोकरीचं?"

"सोमवारी कळेल. बहुतेक जाईल."

"दिलेलं मत बदलता येतं का तिथे?" हा प्रश्न त्यांनी जन्मात कुणाला विचारला नव्हता.

"येतं. पण बदलू नका. बरोबर लिहिलंय तुम्ही."

बाबांनी पातेल्यात चहापूड घातली. "पत्र वाचलंस?"

"आज वाचलं. शेवटपर्यंत."

चहाला उकळी येत होती. बाबांनी गॅस अगदी बारीक केला.

"मग सांग," ते म्हणाले, "आज काय काय झालं?"