मुळासकट

वनस्पतिशास्त्राच्या तासाला झाडांचे नमुने तपासताना कुलगोड सरांनी मुत्तूच्या शीटवर चिकटवलेलं पान नखाने खरवडलं, बोट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले.

"सांबार," ते म्हणाले.

वर्ग हसला. शीटखाली मुत्तूने कडुनिंब असं लिहिलं होतं. कानडीत कडुनिंब म्हणजे बेवु आणि कढीपत्ता म्हणजे करिबेवु, तेव्हा घराणं एकच, असं त्याचं म्हणणं. गठ्ठ्यात त्याच्यामागे असलेल्या बाकीच्या मुलांच्या शीटांवर तोच कढीपत्ता चिंच, शेवगा आणि आवळा म्हणून बसला होता. होस्टेलच्या मेसमध्ये आठवडाभर फोडणीला पान नव्हतं आणि आचारी बसण्णाचा शेळ्यांवर वहीम होता.

हसली नाही ती फक्त नीलांबिका.

कॉलेजमागच्या टेकडीवर चिखल तुडवत ती एकटीच चढली होती. एखादं जास्तीचं रोप दे, निदान जागा तरी सांग, म्हणून मुत्तूने विनवलं होतं. उसन्या झाडावर पास होणं तिला पटणारं नव्हतं आणि दुसऱ्याला होऊ देणं तर मुळीच नाही.

"एकच होतं. ते मी आणलं," तिने सांगून टाकलं होतं.

"मग उशाशी घेऊन झोप, अक्का."

ती झोपतही होती. वर्तमानपत्रात दाबलेलं रोप गादीखालीच होतं. तेव्हापासून मेसमध्ये तिच्या शेजारी कोणी बसत नव्हतं. त्या बदल्यात सरांनी एकदा वर्गासमोर शाबासकी द्यावी, एवढंच तिला हवं होतं.

सरांनी तिची शीट उचलली. पांढऱ्या फुलांची आमरी, म्हणजे रानातलं ऑर्किड, एकही पाकळी न दुमडलेली, खाली कंदासकट. या वेळी त्यांनी वास घेतला नाही.

"मोठ्या खडकाच्या सावलीतली?"

"हो सर." तिने मान ताठ केली.

"आणखी होती रोपं?"

"नाही सर. एकच होतं."

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले.

दर श्रावणात सर एकटेच टेकडीवर कोणाला भेटायला जातात, यावर होस्टेलात बरेच विनोद होते. त्यातला सगळ्यात चावट मुत्तूचा होता. आता तो बाकाकडे बघत बसला होता.

सरांनी शीटवर दहापैकी दहा लिहिले आणि शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

"मुळासकट आणा, असं मीच सांगितलं होतं," ते म्हणाले. मग उरलेला गठ्ठा त्यांनी हळूच सारखा केला. "बरं झालं, बाकीच्यांनी कढीपत्ता लावला."

मुत्तूने सरकून बाकावर तिच्यासाठी जागा केली. नीलांबिका उभीच राहिली.